छोट्या लाइनीचं कोरं पान

सुधाकर,

छापखानेवाल्याचा काल पुन्हा फोन आला. लकडगंजातला तोच, ज्याच्याशी तू कागदाच्या जाडीवरून अर्धा तास हुज्जत घातली होतीस. "मॅडम, बाकी सगळं तयार आहे. ते सत्तावीस नंबरचं पान कोरंच ठेवायचं का? लोक म्हणतील छपाईत चूक झाली." तू गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग म्हणाला, घाई नाही मॅडम, सवडीनं सांगा. फोन ठेवला आणि मला तुझाच राग आला. नऊ दिवस झाले तुला जाऊन. पुण्यानुमोदनाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि हे पान माझ्या गळ्यात मारून तू मोकळा झालास.

तीन वर्षं आपण दोघं बहीण-भाऊ हे पुस्तक लिहीत होतो. पुस्तक कसलं, लहानसं चोपडंच. नागपूरच्या इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणाऱ्या अडीच फुटांच्या छोट्या लाइनीचा इतिहास. तू सांगायचास, मी लिहायची. तुझी सारी नोकरी त्या गाडीवर गेली आणि माझी अर्धी नोकरी त्या गाडीतून जाण्यात गेली. लाइन बंद झाली, रूळ उचलले, तिथे मोठी लाइन टाकायला घेतली, तेव्हा तू एका सकाळी माझ्या दारात उभा राहिलास. "ताई, वही काढ. हे सारं कोनी लिहिलं नाई तं पोट्टे म्हनतीन, असं काई नव्हतंच." मी म्हटलं, चहा तरी घे. तर म्हणालास, चहा घेता घेता लिही.

इतवारी स्टेशनाचं नाव आता लांबलचक झालं आहे. रिक्षावाल्याला मात्र अजून इतवारीच सांगावं लागतं. तू मला तिथे किती वेळा नेलंस! जिथे छोट्या गाडीचा फलाट होता त्या जागी उभं राहून हात पसरून दाखवायचास, इथे पाण्याचा नळ, इथे गार्डसाहेबांचा डबा, इथे उमरेडच्या कोष्ट्यांचे लुगड्यांचे गठ्ठे उतरायचे, इथे भिवापूरच्या मिरचीची पोती. मिरचीच्या पोत्यांपाशी सारा फलाट शिंकत असायचा असं सांगताना तू खरोखर शिंकलास. मी हसले तर तुला राग आला. येणारे-जाणारे बघत होते. मी मनात म्हटलं, बघू द्या, माझा भाऊ आहे.

भांडलो तर आपण प्रत्येक पानावर. लाइन कशासाठी टाकली, यावर पहिलं पानच दोन महिने अडलं. मी म्हणत होते, इंग्रजानं धान्य न्यायला टाकली असेल. तू म्हणायचास, लाकूड. "लाकूड, ताई, लाकूड! नागभीडकडलं जंगल पाह्य आन् आपलं लकडगंज पाह्य. लकडगंज काय आभाळातून पडलं?" मी पुरावा मागितला. तू म्हणालास, "बाबानं सांगतलं." आपले बाबा त्या लाइनीवर गँगमध्ये होते, रुळांखाली गिट्टी ठोकायला. मी म्हटलं, इतिहासात बाबानं सांगितलं असं लिहीत नसतात. तू इतका चिडलास की चष्मा घातलेला असूनही चष्मा शोधायला लागलास. शेवटी मी दोन्ही लिहिलं, धान्यही आणि लाकूडही, आणि खाली लिहिलं, 'लाइनीवर काम केलेल्या जुन्या माणसांच्या आठवणीप्रमाणे.' ते वाचून तू म्हणालास, हाव, आता कसं! आणि तुझ्या बायकोला, प्रमिलाला, हाक मारून तिलाही वाचायला लावलंस.

आणि तो विनोद. गाडी इतकी हळू की उतरून बोरं तोडायची आणि पळत येऊन परत चढायचं. साऱ्या नागपुरात सांगतात. मी लिहिला होता. तू पेन घेऊन आडवी रेघ मारलीस. "मायी गाडी काय बैलाची रेंगी हाय का? ज्यानं बोरं तोडली त्याले आन मायासमोर." असा होतास तू. तिच्याविषयी कोणी हसलेलं तुला खपायचं नाही.

पण पान सत्तावीस. त्याच्याविषयी लिहायचं तर आधी गेटविषयी लिहायला हवं. तुला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल, म्हणून मास्तरणीची सवय म्हणून सांगते.

त्या लाइनीवर पुष्कळ गेटांवर माणूस बसलेला नसायचा. गेटमन गाडीतच असायचा, आणि तो म्हणजे तू. गाडी गेटाच्या अलीकडे थांबायची. तू उतरायचास, रस्त्याच्या दोन्ही अंगांना साखळी ओढून कुलूप लावायचास, हिरवी झेंडी दाखवायचास. गाडी रस्ता ओलांडून पलीकडे पुन्हा थांबायची. तू कुलपं काढायचास, साखळ्या सोडायचास, आणि पळत जाऊन डब्यात चढायचास. पुढचं गेट आलं की पुन्हा तेच. एका फेरीत किती वेळा उतरलास-चढलास ते मोजायला मी तुला सांगितलं होतं, तर म्हणालास, जेवताना घास कोन मोजते?

माझी बदली कुहीच्या पुढे आंबेखारीला झाली. तिथे स्टेशन नव्हतं. गेट होतं. गाडी गेटावर थांबतेच, तर गावातले लोक तिथेच उतरायचे आणि तिथेच चढायचे. कायद्यात बसत नव्हतं. पण ड्रायव्हर बघून न बघितल्यासारखं करायचा, गार्डसाहेब दुसरीकडे तोंड फिरवायचे. माझ्याजवळ उमरेडपर्यंतचा पास होता आणि मी गेटावर उतरायची. नऊ वर्षं. बायाबापड्यांना उतरायला वेळ मिळावा म्हणून तुझी साखळी रोज अडकायची. कुलूप लागत नाही म्हणून तू उगाच खटपट करत राहायचास आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचास, कोण म्हातारी अजून पायरीवर आहे का. सगळे उतरले की कुलूप पटकन लागायचं. मला तर तू गावभर ऐकू जाईल असा ओरडायचास, "मास्तरीनबाई उतरल्या काय वं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज वाटतं, तशी हाक मारणारं आता कोणी नाही.

तो दिवस मी तुझ्या सांगण्यावरून लिहिला होता आणि मग फाडला होता. आता पुन्हा लिहिते.

सकाळची गाडी. मी गेटाच्या अलीकडे उतरले. तू साखळ्या लावल्यास, गाडी पलीकडे जाऊन थांबली, आणि तू कुलूप काढायला वळलास तेवढ्यात मला आठवलं की माझी पिशवी डब्यात राहिली. पिशवीत काय होतं? शाळेचे कागद नव्हते, पगारपत्रक नव्हतं. डबा होता. भाकरी आणि वांग्याची भाजी. मी ओरडले, "सुधा, माझी पिशवी!" तू कुलूप तसंच सोडून पळालास, बायकांच्या डब्यात चढलास, बाकाखालून पिशवी काढलीस आणि मागोमाग धावत आलेल्या माझ्या हातात खिडकीतून दिलीस. "ताई, उद्या डोक्सं इसरून येशीन." तू हसत होतास. मीही हसत होते. मागून गार्डसाहेबांनी तुला डब्यात चढताना बघितलं, त्यांना वाटलं गेट उघडून झालं. त्यांनी झेंडी दाखवली. ड्रायव्हरनं शिटी दिली आणि गाडी हलली.

तू उमरेडला उतरलास. चहा प्यायला खिशात हात घातलास तर हाताला आंबेखारीच्या गेटाची चावी लागली आणि आठवलं, कुलूप काढलंच नाही.

ही चूक छोट्या लाइनीवरच होऊ शकते, दुसरीकडे कुठे होणार? गावाच्या रस्त्याला कुलूप आणि चावी तीन कोस दूर गाडीच्या माणसाच्या खिशात. तिथे फोन नव्हता. परतीची गाडी दुपार उलटल्यावर. तू गार्डसाहेबांना म्हणालास, पुढची गेटं आज तुम्ही बघा साहेब, आणि त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत चहावाल्याची सायकल घेऊन निघालास. चालू ड्युटीवरून, गाडी टाकून.

तेवढ्यात आंबेखारीत गिरजाच्या कळा सुरू झाल्या होत्या. तिचा नवरा बैलगाडी जुंपून उमरेडच्या दवाखान्याला निघाला तो गेटाशी येऊन अडकला. साखळी तोडायला लोक भ्यायले, रेल्वेचा माल म्हणून. शेवटी कोणीतरी घरून बाज आणली, गिरजाला बाजेवर घातलं, चौघांनी उचलली आणि पायीच निघाले. तू अर्ध्या वाटेत त्यांना भेटलास. सायकल आणि चावी एकाच्या हातात दिलीस, जा, गेट उघड, बैलगाडी घेऊन ये, आणि त्याच्या जागी बाजेचा खूर खांद्यावर घेतलास. पक्की सडक येईपर्यंत. गिरजा तुला शिव्या देत होती असं तू सांगायचास. "तिले मालूम नव्हतं का चावीवाला मीच होय. ती सरसकट साऱ्याइलेच शिव्या देऊन राहिली होती. मायावाल्या मले बरोबर लागल्या." मागून बैलगाडी आली, ती दवाखान्यात वेळेवर पोचली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. सारं नीट झालं. पण ड्युटी सोडून गेल्याची चौकशी लागली आणि तुला गाडीवरून काढून इतवारीच्या यार्डात टाकलं. दोन वर्षं. रोज सकाळी तुझी गाडी तुझ्याशिवाय सुटायची आणि तू शंटिंगच्या डब्यांपाशी उभा राहून तिच्याकडे बघायचास. हे तू कधी सांगितलं नाहीस. मी त्या गाडीत बसलेली असायची. मी बघितलं आहे.

आता आपलं भांडण. तू म्हणालास, हे पान पुस्तकात पाहिजेच. नुसत्या गमती लिहिल्या तर तो इतिहास नाही, चूक पण लिही. मला ते पटलं. मी लिहून आणलं. तू वाचलंस, आणि पिशवीच्या वाक्यावर थांबलास.

"हे काढ."

"काहून काढू? पिशवी माझी होती."

"असन. पन इन्क्वायरीत मी तुयं नाव घेतलं नव्हतं. आता लिहिलं तं मी खोटा ठरतो."

"अरे, ते साहेब रिटायर होऊन कुठल्या कुठे गेले! तुला आता खोटा कोण ठरवणार आहे?"

"मी ठरवतो नं."

आणि मी म्हटलं, माझं नाव नाही तर पान नाही. तू एकट्यानं चूक केली असं माझ्या हातानं मी लिहिणार नाही. तू म्हणालास, मग ठेव कोरं. आपण दोघं बाबांच्याच वळणावर गेलो, एकदा नाही म्हटलं की नाही. प्रूफ आलं तेव्हा सत्तावीस नंबर खरंच कोरा होता. ते पान बघून प्रमिला म्हणाली, तुम्ही दोघे लहान आहात का? त्या रविवारी मी चहा न पिता तुझ्या घरून निघाले.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला होता. "ताई, त्या चहावाल्याची सायकल हिरवी होती का काळी?" मला कळलं होतं की सायकलीचं निमित्त आहे, तुला बोलायचं आहे. तुझी माफी मागायची रीत हीच होती, लहानपणापासून, भलतंच काहीतरी विचारायचं. मी काय म्हणाले? "मला काय माहीत, मी काय उमरेडला होते?" आणि ठेवून दिला. ते आपलं शेवटचं बोलणं. मेली माझी जीभ. एवढी पोरं शिकवली, पण तुझ्याशी दोन शब्द नीट बोलायला मला जमलं नाही. सुधाकर, हिरवी असेल किंवा काळी असेल, तू ती चालवत गेलास आणि एका बाईची मुलगी दवाखान्यात जन्मली. हे मला त्या दिवशी फोनवर म्हणायला काय झालं होतं?

आणि एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. पिशवीचं तर तुला माहीत होतं, त्याच्यावरून आपण तीन वर्षं भांडलो. त्याच्या पुढचं सांगते. गाडी गेल्यावर मी पिशवी खांद्याला अडकवली आणि वळले, तेव्हा समोर साखळी ताणलेली होती. कुलूप लागलेलं होतं. मला दिसलं. गाडी अजून फार लांब गेली नव्हती. मी पळाले असते, पदर हलवला असता, ओरडले असते, तर मागच्या डब्यातून गार्डसाहेबांना दिसलं असतं. पण तिकडे शाळेची घंटा होत होती. हेडमास्तर उशिराची लाल शाई मारायचे. मी मनात म्हटलं, बघेल कोणीतरी, उघडेल कोणीतरी. आणि साखळीपासून चालत शाळेत गेले, हजेरी घेतली. दुपारच्या सुट्टीत पोरींनी गिरजाचं सांगितलं तेव्हा माझ्या हातात वांग्याची भाजी होती.

म्हणून मी पिशवीवर इतकी अडून बसले होते, कळलं का? निम्मं कबूल केलं की उरलेलं कोणी विचारत नाही. तुझी चूक झाली ती पळता पळता झाली. माझी उभ्या उभ्या, डोळे उघडे ठेवून झाली. यार्डात दोन वर्षं मात्र तू काढलीस.

मला वाटायचं, तुला हे माहीत नाही. काल संध्याकाळी प्रमिला आली. पेन्शनच्या कागदांसाठी तिनं तुझी लोखंडी पेटी उघडली होती. त्यात एक पिवळी फाइल निघाली, ती तिनं माझ्यापुढे ठेवली. "ताई, हे तुमीच पाहा. त्याइनं मले कधी हात लावू देला नाई." तुझ्या चौकशीचे कागद, हिंदीत टाइप केलेले, प्रत्येक पानाखाली तुझी सही. शाळेत मीच तुला सही गिरवायला शिकवली होती, 'सु'चा उकार मात्र तू शेवटपर्यंत तसाच वाकडा काढलास.

बहुतेक प्रश्नांना तू एका शब्दात उत्तरं दिली होतीस. चूक कबूल आहे काय? आहे. ड्युटी सोडून कोणाच्या परवानगीनं गेला? कोणाच्याच नाही. एक प्रश्न मात्र त्यांनी दोनदा विचारला होता. गाडी सुटली त्या वेळी गेटाजवळ असं कोणी होतं काय, ज्यानं कुलूप बघून गाडी थांबवायला हवी होती? पहिल्यांदा तू लिहून दिलंस, कोणी नव्हतं. दुसऱ्यांदा त्यांनी बजावून विचारलं, नीट आठवून सांगा, कोणी असेल तर तुमची जबाबदारी कमी होईल. तू पुन्हा लिहून दिलंस, कोणी नव्हतं साहेब.

म्हणजे तुला माहीत होतं. तू खिडकीत होतास, माझ्याकडे बघत होतास, मी साखळीच्या बाजूलाच उभी होते. यार्डातली दोन वर्षं, नंतरची सारी वर्षं, राखीला, भाऊबीजेला, पानापानावरच्या भांडणात, तुला सगळं माहीत होतं आणि तू मला कळू दिलं नाहीस. माझं नाव पिशवीच्या वाक्यातसुद्धा येऊ द्यायचं नव्हतं, ते याचसाठी. नाव एकदा आलं की कोणी शहाणा वाचक विचारेल, मग बाई तुम्ही गाडी थांबवली का नाही? तो प्रश्न मला कोणी विचारू नये म्हणून तू पान कोरं ठेवायला तयार झालास. आणि मी तुला हट्टी म्हणत होते.

प्रमिला गेल्यावर मी ती फाइल कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसले. रडले, तुझ्यावर ओरडले, मग चहा केला आणि दोन कपांत ओतला.

आज सकाळी छापखानेवाल्याला मीच फोन केला. पान कोरं राहणार नाही, दोन तासांत मजकूर पाठवते म्हटलं. तू खोटा ठरशील, ठर. तुझ्यासारखा खोटा माणूस मला आयुष्यात पुन्हा भेटायचा नाही. सगळं लिहिलं आहे, साखळी, कुलूप, चावी, सायकल, बाज, गिरजाच्या शिव्या. वांग्याची भाजीसुद्धा लिहिली आहे. तुझी चूक लिहिली आहे, कारण तुला ती हवी होती. आणि शेवटी, साहेबांनी दोनदा विचारलेला तो प्रश्न जसाच्या तसा उतरवून घेतला आहे. त्याच्याखाली तुझी दोन्ही उत्तरं. त्यांच्याखाली, इतक्या वर्षांनी, तिसरं उत्तर, माझं.

गेटाजवळ मी होते. त्याची बहीण.